चालत्या पानावर रूप बदलताना: धरणसाठ्याच्या एका पानाच्या निमित्ताने

पुण्यात जून सरला की खडकवासला साखळीतील धरणांचा साठा हा घरोघरी चर्चेचा विषय होतो. खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१ अशी चारही धरणांची मिळून उपयुक्त क्षमता २९.१५ टीएमसी आहे. खडकवासल्यातून मुठेत सोडलेला विसर्ग वाढला की नदीपात्रातील रस्ता बंद होतो आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. नदीकाठच्या आमच्या सोसायटीसाठी मी दोन पावसाळ्यांपूर्वी एक छोटे पान तयार केले. त्यावर चार धरणांच्या चार पट्ट्या, वर विसर्गाची सूचनापट्टी, खाली तळघरात लावलेल्या गाड्यांची यादी आणि रात्री पाहण्यासाठी गडद रूप एवढेच आहे. पान उघडे असतानाच आकडे बदलत राहतात आणि त्या आकड्यांनुसार पट्टीची लांबी, सूचनेचा रंग आणि यादीतील ओळींचा ठळकपणाही बदलावा लागतो. वेब ॲप्लिकेशनमधील घटकांचे रूप असे चालत्या पानावर कसे बदलावे, हे याच पानाच्या आधाराने मांडतो.

एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. धरण धोक्याच्या पातळीवर आहे की नाही, हे जावास्क्रिप्टने, म्हणजे पानामागे चालणाऱ्या कोडने, सांगावे. धोक्याची पट्टी लाल दिसावी की केशरी, तिला कडा असावी की नसावी, हे स्टाइलशीटने, म्हणजे सीएसएस या भाषेत रूपाचे नियम लिहिलेल्या फाइलने, ठरवावे. जावास्क्रिप्टच्या फाइलमध्ये रंगांची नावे दिसू लागली, तर ही वाटणी बिघडली आहे असे खुशाल समजावे.

इनलाइन स्टाइलचा मोह

बहुतेकांची सुरुवात घटकाच्या ‘स्टाइल’ या गुणधर्मावर थेट रंग लिहिण्यापासून होते. स्टाइलशीटमध्ये ‘बॅकग्राउंड’ आणि ‘कलर’ या दोन शब्दांमध्ये जोडरेघ असते. जावास्क्रिप्टमध्ये ती रेघ काढून दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल केले आणि रंगाचे मूल्य दिले की घटक त्याच क्षणी रंग बदलतो. काम झाल्यासारखे वाटते, परंतु असा लिहिलेला रंग इनलाइन, म्हणजे थेट त्या घटकावरच, चिकटतो आणि स्टाइलशीटमधील कोणताही सिलेक्टर (नियम कोणत्या घटकांना लागू हे सांगणारा भाग), तो कितीही नेमका असला तरी, त्याच्यापुढे हरतो. ‘इम्पॉर्टंट’ लावलेला नियमच काय तो त्याच्यावर मात करतो, आणि एकदा ‘इम्पॉर्टंट’ची सवय लागली की पुढच्या प्रत्येक बदलाला तेच लावावे लागते.

माझ्या पहिल्या आवृत्तीत सूचनापट्टीची पार्श्वभूमी अशीच थेट पांढरी केली होती. नंतर गडद रूप जोडले तेव्हा सगळे पान काळे झाले आणि पट्टी मात्र पांढरी राहिली. तिच्यावरचा मजकूर गडद रूपाच्या नियमानुसार पांढरा झालेला असल्याने तो दिसेनासा झाला. रात्री विसर्ग वाढल्यावर जी सूचना सर्वात आधी वाचली जायला हवी, नेमकी तीच कोरी दिसत होती. इनलाइन मूल्य काढायचे असेल तर त्या जागी दुसरा रंग लिहून भागत नाही. रिकामी स्ट्रिंग द्यावी किंवा ‘रिमूव्हप्रॉपर्टी’ वापरावे. मगच स्टाइलशीटचा नियम पुन्हा लागू होतो.

याचा अर्थ इनलाइन स्टाइल वर्ज्य आहे असा नव्हे. जे मूल्य आधी माहीतच असू शकत नाही, म्हणजे माउसने ओढलेल्या खिडकीचे स्थान किंवा धरणाची नेमकी टक्केवारी, ते स्टाइलशीटमध्ये लिहून ठेवता येत नाही. अशा मूल्यांसाठी वेगळी वाट आहे आणि तिच्याकडे पुढे येतोच.

क्लास कधी, डेटा ॲट्रिब्यूट कधी

ज्या गोष्टी फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशा असतात, त्यांच्यासाठी क्लास, म्हणजे घटकाला लावलेले असे नाव ज्यावरून स्टाइलशीटचे नियम लागू होतात, वापरावा. घटकाच्या ‘क्लासलिस्ट’मध्ये ‘ॲड’, ‘रिमूव्ह’, ‘टॉगल’, ‘कंटेन्स’ आणि ‘रिप्लेस’ अशी साधने असतात. ‘क्लासनेम’ला सरळ नवे मूल्य देऊ नये, कारण त्याने घटकावरचे आधीचे सगळे क्लास पुसले जातात, त्यांत मांडणीसाठी लागणारे क्लासही असतात.

‘टॉगल’च्या बाबतीत एक चूक फार होते. त्याला फक्त क्लासचे नाव दिले तर तो असलेला क्लास काढतो आणि नसलेला लावतो. बटण दाबल्यावर यादी उघडायची आणि मिटायची असेल तर हे योग्य आहे. पण दर दहा मिनिटांनी आकडे नव्याने येतात आणि प्रत्येक वेळी ‘विसर्ग सुरू आहे’ असे कळल्यावर टॉगल चालवले, तर सूचना एका फेरीत दिसते आणि पुढच्या फेरीत नाहीशी होते. अशा ठिकाणी दुसरे मूल्य अवश्य द्यावे: विसर्ग शून्याहून अधिक आहे का, या प्रश्नाचे खरे-खोटे उत्तरच टॉगलला द्यावे, म्हणजे तो उलटापालट न करता वस्तुस्थितीप्रमाणे क्लास ठेवतो किंवा काढतो.

जिथे अनेक स्थितींपैकी एका वेळी एकच खरी असते, तिथे मात्र क्लास गैरसोयीचे ठरतात. ‘सामान्य’, ‘इशारा’ आणि ‘धोका’ असे तीन क्लास केले, तर नवा लावताना जुना काढणे प्रत्येक ठिकाणी आठवावे लागते. एकदा विसरले की पट्टी एकाच वेळी इशाऱ्याची आणि धोक्याचीही होते आणि स्टाइलशीटमध्ये जो नियम नंतर लिहिला असेल तो जिंकतो. त्याऐवजी घटकावर ‘डेटा-स्थिती’ असे एकच ॲट्रिब्यूट (नाव आणि त्याचे मूल्य) ठेवावे आणि ‘डेटासेट’मधून त्याचे मूल्य बदलावे. एका ॲट्रिब्यूटला एकच मूल्य असू शकते, त्यामुळे दोन स्थितींची सरमिसळ होण्याची शक्यताच उरत नाही. इशारा आणि धोका यांच्या मर्यादा स्वतः कल्पनेने ठरवू नयेत. प्रशासनाने प्रसिद्ध केलेल्या सूचनांवरूनच घ्याव्यात.

मी या चार स्थितींची नावे देवनागरीतच ठेवली आहेत (चौथी ‘अज्ञात’, तिच्याबद्दल खाली लिहिले आहे), आणि सीएसएसला त्याचे काही वावडे नाही. क्लासची आणि व्हेरिएबलची नावेही देवनागरीत चालतात. एक सावधगिरी मात्र हवी. ‘भरणाऱ्या’ यासारख्या शब्दातला अर्धा र दोन वेगळ्या प्रकारे टंकलिखित होऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, ब्राउझरला मात्र ते भिन्न वाटतात आणि नियम मुकाट्याने लागू होत नाही. म्हणून अशा जोडाक्षरांची नावे टाळून साधी नावे निवडावीत.

आकड्यांसाठी सीएसएस व्हेरिएबल

पट्टीची लांबी हा या पानाचा गाभा आहे. टक्केवारी शून्य ते शंभर यांमधली कोणतीही असू शकते, म्हणून शंभर क्लास करणे हा उपाय नव्हे. येथे पट्टीवर ‘--भरणा’ नावाचे व्हेरिएबल, म्हणजे मूल्य साठवणारे नाव, ठेवावे. जावास्क्रिप्टने ‘सेटप्रॉपर्टी’ वापरून त्यात केवळ संख्या भरावी आणि स्टाइलशीटने ‘कॅल्क’ या हिशोबाच्या फंक्शनमध्ये त्या संख्येला एक टक्क्याने गुणून रुंदी काढावी. व्हेरिएबलचे नाव दोन जोडरेघांनी सुरू होत असल्याने ते ‘स्टाइल’पुढे टिंब देऊन लिहिता येत नाही, ‘सेटप्रॉपर्टी’च वापरावे लागते. मूल्य इनलाइनच बसते हे खरे, पण ते रूप नसून माहिती असते. उद्या आडव्या पट्टीऐवजी उभी टाकी किंवा वर्तुळ दाखवावेसे वाटले, तर जावास्क्रिप्टच्या एकाही ओळीला हात लावावा लागत नाही. व्हेरिएबल वारशाने खाली उतरत असल्याने धरणाच्या चौकटीवर ते एकदा लिहिले की आतल्या पट्टीला आणि खुणेला, दोघांनाही मिळते.

याच जागी मला सर्वात मोठा धडा मिळाला. पानावर अंक मराठीत दिसावेत म्हणून मी संख्येला मराठी लोकेलचे, म्हणजे भाषेनुसार अंक लिहिण्याच्या पद्धतीचे, रूप देत होतो. मराठी लोकेल दिले की ब्राउझर मुळातच देवनागरी अंक देतो, आणि पट्टीखाली ‘६३.५’ असे छान उमटत होते. पुढे कोड आवरताना तीच रूपांतरित स्ट्रिंग मी व्हेरिएबलमध्येही भरली. सीएसएसला संख्या म्हणून फक्त इंग्रजी अंक कळतात. व्हेरिएबल मात्र आत काय आहे हे न पाहता कोणताही मजकूर स्वीकारते. चूक कळते ती रुंदी काढताना. त्या वेळी ब्राउझर रुंदीची संपूर्ण घोषणा अमान्य ठरवतो आणि रुंदी ‘ऑटो’ होते. ब्लॉक घटकाची ‘ऑटो’ रुंदी म्हणजे पालक घटकाची पूर्ण रुंदी. चारही धरणे शंभर टक्के भरलेली दिसू लागली, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (त्रुटी दाखवणाऱ्या खिडकीत) एकही त्रुटी नव्हती, आणि सोसायटीतील ज्येष्ठांचे फोन सुरू झाले. ज्यांनी १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावरचा पूर लहानपणी पाहिला आहे, त्यांना अशी पट्टी दाखवणे ही क्षुल्लक चूक नव्हे.

व्हेरिएबलचे मूल्य वाचणाऱ्या ‘व्हार’मध्ये पर्यायी मूल्य देऊनही ही चूक टळत नाही. पर्यायी मूल्य व्हेरिएबल अस्तित्वातच नसेल तर उपयोगी पडते. चुकीचे मूल्य असलेले व्हेरिएबल त्याच्या दृष्टीने अस्तित्वात असते. खरा उपाय म्हणजे स्टाइलशीटमध्ये ‘प्रॉपर्टी’ हा ॲट-नियम लिहून ‘--भरणा’ची रीतसर नोंदणी करणे. त्यात व्हेरिएबलचा प्रकार संख्या आहे, वारसा चालू आहे की नाही आणि आरंभीचे मूल्य शून्य आहे, असे सांगता येते. वारसा बंद ठेवल्यास अमान्य मूल्य आले की ब्राउझर शून्य धरतो. वारसा बंद केला की व्हेरिएबल चौकटीवर न लिहिता ते वापरणाऱ्या घटकावरच लिहावे लागते, एवढा बदल करावा. क्रोमियमवर आधारित ब्राउझरांमध्ये ही सोय २०२० पासून आहे. फायरफॉक्समध्ये ती २०२४ मध्ये आली.

शून्य दाखवणे हेही अर्थात खोटेच आहे. म्हणून संख्या व्हेरिएबलमध्ये भरण्यापूर्वी ती खरोखर संख्या आहे का आणि शून्य ते शंभर यांच्या दरम्यान आहे का, हे जावास्क्रिप्टमध्ये तपासावे, आणि नसेल किंवा आकडे मिळालेच नाहीत तर ‘डेटा-स्थिती’ला ‘अज्ञात’ हे चौथे मूल्य द्यावे. स्टाइलशीटमध्ये ‘अज्ञात’साठी करड्या तिरप्या रेघा आणि शेजारी ‘माहिती उपलब्ध नाही’ हे शब्द ठेवावेत. पडद्यावर दाखवायची स्ट्रिंग आणि व्हेरिएबलला द्यायची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना कोडमध्येही वेगळी नावे द्यावीत.

रूप वाचताना

घटकाचा सध्याचा रंग जाणून घेण्यासाठी ‘स्टाइल’ गुणधर्म वाचला तर बहुधा रिकामी स्ट्रिंग मिळते, कारण तिथे फक्त इनलाइन मूल्ये असतात. स्टाइलशीट, वारसा आणि ब्राउझरचे मूळ नियम मिळून शेवटी काय ठरले, ते ‘गेटकॉम्प्युटेडस्टाइल’ सांगते. मात्र रंग पाहून स्थिती ओळखण्याचा प्रयत्न करू नये. स्थिती ‘डेटा-स्थिती’मध्ये आहे, तिथूनच ती वाचावी.

तीनशे ओळींची यादी

धोक्याची सूचना आली की तळघरात लावलेल्या गाड्यांच्या ओळी ठळक व्हाव्यात, अशी मागणी सोसायटीने केली. मी प्रत्येक ओळीवरून फिरत तिची उंची वाचत होतो, त्यावरून खुणेचा आकार ठरवून लिहीत होतो आणि पुढच्या ओळीकडे जात होतो. माझ्या संगणकावर काही जाणवले नाही. सुरक्षारक्षकाच्या स्वस्त फोनवर मात्र पान दर वेळी अडखळत होते.

ब्राउझर रूपातले बदल लगेच अमलात आणत नाही. तो ते साठवून ठेवतो आणि पडद्याची पुढची चौकट (फ्रेम) रंगवण्यापूर्वी एकदाच मांडणीचा हिशोब करतो. पण बदल लिहिल्यानंतर ‘ऑफसेटहाइट’सारखे माप विचारले, तर अचूक उत्तर देण्यासाठी त्याला हिशोब त्याच क्षणी करावा लागतो. लिहा, वाचा, लिहा, वाचा असे तीनशे वेळा केले की तीनशे वेळा मांडणी होते. सेकंदाला साठ चौकटींच्या पडद्यावर एका चौकटीला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या वेळात हे काम उरकत नाही. सर्व मापे आधी वाचून घ्यावीत, मग सर्व बदल एकत्र लिहावेत आणि ते लिखाण पुढच्या चौकटीआधी चालणाऱ्या ‘रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम’मध्ये ठेवावे.

माझ्या यादीत तर याचीही गरज नव्हती. संपूर्ण तक्त्यावर ‘डेटा-स्थिती’ एकदा बदलली आणि स्टाइलशीटमध्ये ‘धोक्याच्या तक्त्यातील तळघराची ओळ’ असा सिलेक्टर लिहिला, की जावास्क्रिप्टला ओळींवरून फिरण्याचे कारणच उरत नाही. वरच्या घटकावर एक खूण आणि खालच्यांसाठी सिलेक्टर, ही रीत मला सर्वाधिक उपयोगी वाटते. ‘हॅज’ सिलेक्टरमुळे आता उलट दिशाही शक्य झाली आहे: ‘फक्त तळघर दाखवा’ या चौकोनावर खूण केलेली असेल तर त्याच्या पालकाचे रूप बदलणे जावास्क्रिप्टशिवाय जमते. सफारी आणि क्रोमने हा सिलेक्टर २०२२ मध्ये आणला, फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये.

संक्रमण

पट्टी एकदम उडी मारून वाढण्यापेक्षा हळूहळू सरकली तर डोळ्यांना बदल कळतो. त्यासाठी ‘ट्रान्झिशन’ स्टाइलशीटमध्येच लिहावे. रुंदी बदलली की मांडणीचा हिशोब पुन्हा होतो. ‘ट्रान्सफॉर्म’ आणि ‘ओपॅसिटी’ यांच्या बदलांना सहसा त्याची गरज पडत नाही. चार पट्ट्यांसाठी रुंदी वापरली तरी चालते. हलत्या घटकांची संख्या मोठी असेल तर घटक आडवा ताणणारे ‘स्केलएक्स’ वापरावे, पण त्याने गोलाई ताणली जाते आणि आतला मजकूरही पसरतो, हे ध्यानात घेऊन मजकूर पट्टीबाहेर ठेवावा.

नवा घटक पानात घालून त्याच क्षणी त्याला ‘दिसतो’ असा क्लास लावला, तर संक्रमण होत नाही. घटक थेट अंतिम रूपात प्रकटतो, कारण ब्राउझरने त्याचे आधीचे रूप कधी मोजलेलेच नसते. सूचनापट्टी पानात आधीपासूनच रिकामी ठेवावी आणि तिची फक्त स्थिती बदलावी, हा साधा मार्ग आहे. तिला ‘स्टेटस’ ही भूमिका दिली तर आत आलेला नवा मजकूर स्क्रीन रीडरही वाचून दाखवतो, म्हणजे एका निर्णयात दोन कामे होतात. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवण्याचे निवडले आहे, त्यांच्यासाठी ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ या मीडिया क्वेरीत संक्रमण बंद करावे.

गडद रूप आणि अक्षरांचा आकार

गडद रूपासाठी सर्व रंग मूळ घटकावर (ज्याच्या आत सगळे पान असते त्यावर) व्हेरिएबल म्हणून लिहावेत आणि मूळ घटकाच्या एका ॲट्रिब्यूटवरून त्यांचे दोन संच करावेत. वापरकर्त्याला ‘दिवस’, ‘रात्र’ आणि ‘फोनप्रमाणे’ असे तीन पर्याय द्यावेत. निवड ‘लोकलस्टोरेज’मध्ये, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीत, जपली तर ती वाचणारी छोटी स्क्रिप्ट पानाच्या ‘हेड’मध्येच ठेवावी, ती शेवटी ठेवली की रात्री पान उघडताना पांढरा झोत डोळ्यांवर येतो आणि मग काळोख होतो. दोन्ही संचांत मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील भेद किमान ४.५ : १ असावा. पिवळ्या इशाऱ्यावर पांढरी अक्षरे या कसोटीला उतरत नाहीत. रंगाखेरीज शब्दही हवाच, कारण लाल आणि हिरवा यांतला फरक सर्वांना दिसत नाही.

अक्षरे लहान-मोठी करण्याची सोय देताना सर्व मापे ‘रेम’ या, मूळ घटकाच्या फॉन्टवर आधारलेल्या एककात ठेवून मूळ घटकाचा फॉन्टचा आकार बदलावा. मराठी मजकुरासाठी तीन गोष्टी विशेष पाहाव्यात. ओळीची उंची एकक न देता, नुसत्या गुणकाने लिहावी आणि ती इंग्रजीपेक्षा थोडी सैल ठेवावी, नाहीतर वेलांटी, रफार आणि अनुस्वार वरच्या ओळीला टेकतात. अक्षरांमधील अंतर वाढवणारा ‘लेटर-स्पेसिंग’ हा गुणधर्म देवनागरीला लावू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्दांचे तुकडे दिसू लागतात. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवावी, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत, ते तीच वळणे दाखवतात.

फ्रेमवर्क आणि सुरक्षा धोरण

रिॲक्ट, व्ह्यू किंवा अँग्युलर यांसारखे फ्रेमवर्क (पान बांधण्याचा तयार सांगाडा) वापरत असल्यास हीच वाटणी पाळावी, मात्र घटकाला बाहेरून हात लावू नये. रिॲक्टच्या ताब्यातील घटकावर ‘क्लासलिस्ट’ने लावलेला क्लास, पुढच्या वेळी रिॲक्टने ‘क्लासनेम’ बदलले की पुसला जातो. स्थिती रिॲक्टच्या स्टेटमध्ये ठेवून ‘डेटा-स्थिती’ तिच्यावरून काढावी.

सर्व्हरवर कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर कोणता कोड आणि कोणते रूप चालू द्यायचे याचे नियम) कडक असेल, तर ‘सेटॲट्रिब्यूट’ने लिहिलेली संपूर्ण ‘स्टाइल’ स्ट्रिंग अडवली जाते. ‘सेटप्रॉपर्टी’ मात्र चालते. आधीचे कोड या पॉलिसीखाली अचानक निष्प्रभ झाल्यास पहिल्यांदा हीच जागा पाहावी.

पावसाळ्यापूर्वीची तपासणी

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये घटक निवडला की त्याला लागलेले सर्व नियम दिसतात आणि हरलेल्या नियमांवर आडवी रेघ असते. ‘कम्प्युटेड’ विभागात अंतिम मूल्य कळते. जावास्क्रिप्ट योग्य रीतीने लिहिली असेल तर खऱ्या आकड्यांची वाट पाहावी लागत नाही. ‘डेटा-स्थिती’चे मूल्य तिथेच हाताने बदलून सामान्य, इशारा, धोका आणि अज्ञात या चारही स्थिती उजळ आणि गडद अशा दोन्ही रूपांत, सर्वात मोठ्या अक्षरांसह पाहून घ्याव्यात. मग ‘--भरणा’मध्ये मुद्दाम देवनागरी अंक घालावेत, पट्टी रिकामी झाली तर स्टाइलशीटमधील नोंदणी ठीक आहे. शेवटी सर्व्हरऐवजी हाताने लिहिलेले चुकीचे उत्तर जावास्क्रिप्टला द्यावे आणि करड्या तिरप्या रेघांशेजारी ‘माहिती उपलब्ध नाही’ हे शब्द येतात का, ते पाहावे. आमच्या सोसायटीत ही फेरी मी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सुरक्षारक्षकाच्या फोनवर करतो, कारण पावसाच्या रात्री ते पान सर्वात आधी त्याच फोनवर उघडले जाते.